पावाचं वजन आणि कोठडीची उंची

१७७३ साली इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या कोर्टात एखादा माणूस निर्दोष ठरला, तरी तो त्या संध्याकाळी घरी पोचेल याची खात्री नव्हती. पंचांनी सोडून दिलं, न्यायाधीशांनी मान हलवली, आणि तरी त्याला धरून परत तुरुंगात नेत. कारण जेलरची दस्तुरी बाकी असायची. १५ शिलिंग ४ पेन्स जेलरला आणि वर २ शिलिंग दाराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्याला. त्या काळी शेतमजुराच्या हातात आठवड्याला साधारण ७-८ शिलिंग पडत. ज्याची कमाई खटल्याची वाट बघण्यात महिनोन्‌महिने बुडाली होती, त्याने दोन आठवड्यांच्या मजुरीहून जास्त रक्कम आणायची कुठून? नाही आणली तर आतच राहायचं. काहींच्या बाबतीत फिर्यादी कोर्टात आलेलाच नसे, म्हणजे खटलासुद्धा उभा राहिलेला नसे. त्यांचीही तीच गत.

त्या वर्षी जॉन हॉवर्ड नावाचा एक जमीनदार बेडफर्डशायरचा शेरीफ झाला. पद वर्षभराचं, मानाचं. काउंटीचा तुरुंग कागदोपत्री शेरीफच्या अखत्यारीत येई, पण बहुतेक शेरीफ ते काम दुय्यम माणसावर सोपवून मोकळे होत. हॉवर्ड स्वतः आत गेला. सुटूनही अडकलेली माणसं त्याने पाहिली आणि काउंटीच्या मॅजिस्ट्रेटांपुढे साधी सूचना ठेवली : जेलरला दस्तुरीऐवजी पगार द्या. मॅजिस्ट्रेटांना त्यात वावगं काही वाटलं नाही. मात्र काउंटीच्या तिजोरीवर असा बोजा टाकायचा तर आधीचा दाखला हवा, असं ते म्हणाले. दुसऱ्या कुठल्या काउंटीत असा पगार देतात का?

हॉवर्ड घोड्यावर बसला आणि दाखला शोधायला शेजारच्या काउंट्यांत गेला. दाखला मिळाला नाही. प्रत्येक ठिकाणी तीच दस्तुरी आणि तेच सुटलेले कैदी आत बसलेले. पण दाखला शोधता शोधता जे दिसलं, त्यामुळे पुढची सतरा वर्षं तो माणूस घरी म्हणून निवांत बसला नाही.

आजच्या वाचकाला एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. अठराव्या शतकातला इंग्लंडमधला तुरुंग मुख्यतः शिक्षा भोगायची जागा नव्हती. शिक्षा म्हणजे फाशी, फटके, दंड, खोडा, नाहीतर जहाजात घालून अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवणं. तुरुंगात माणूस ठेवायचा तो बहुधा शिक्षेआधी, किंवा देणं फिटेपर्यंत. (आपल्या 'तुरुंग' या शब्दाचं मूळ पोर्तुगीज 'ट्राँको'मध्ये मानतात. ट्राँको म्हणजे झाडाचं खोड, आणि त्यावरून पाय अडकवायचा ओंडका. मराठीतला 'खोडा'सुद्धा 'खोड'वरूनच आलेला. दोन्ही भाषांना आधी आठवली ती अडकवून ठेवण्याची गोष्ट, सुधारण्याची नव्हे.) नुसतं अडकवूनच ठेवायचं, तर त्यावर सरकारने पैसा का खर्च करावा, असा तेव्हाचा सरळ हिशोब होता. म्हणून तुरुंग मक्त्याने चालत. जेलरला पगार नाही, उलट काही ठिकाणी तोच मालकाला पैसे भरी. आणि मालक म्हणजे नेहमी राजाच असे असंही नाही. डरहमचा तुरुंग तिथल्या बिशपचा होता, इलीचा इलीच्या बिशपचा, चेस्टरफील्डचा पोर्टलंडच्या ड्यूकचा, हॅलिफॅक्सचा लीड्सच्या ड्यूकचा.

लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या वॉर्डनचं पद तर चक्क विकलं जाई. १७२८ साली टॉमस बॅमब्रिजने एका भागीदाराबरोबर ते ५,००० पौंडांना घेतलं. एवढी रक्कम घातलेला माणूस ती कैद्यांकडूनच वसूल करणार. आत येण्याचे पैसे, बऱ्या खोलीचे पैसे, बेड्या हलक्या करण्याचे पैसे. रॉबर्ट कॅस्टेल नावाचा एक वास्तुविशारद कर्जापायी तिथे होता. प्राचीन रोमन वाड्यांवरचं त्याचं देखणं पुस्तक नुकतंच निघालं होतं. मागितलेले पैसे देता येईनात, तेव्हा त्याला देवीची साथ असलेल्या घरात ठेवलं. आपल्याला देवी कधी आलेल्या नाहीत, तिथे ठेवू नका, असं त्याने विनवलं होतं. तिथेच तो मेला. त्याचा मित्र जेम्स ओगलथॉर्प पार्लमेंटचा सभासद होता. १७२९मध्ये त्याच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, सभासद स्वतः फ्लीटमध्ये गेले, कैद्यांच्या अंगावरचं लोखंड त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. विल्यम होगार्थने त्या चौकशीचं चित्र रंगवलं. बॅमब्रिजचं पद गेलं, खुनाचा खटला झाला, आणि त्यातून तो निर्दोष सुटला. मग बोलणं थांबलं. समितीने एक दुष्ट माणूस शोधून काढला होता, पण मक्त्याची रीत तशीच राहिली. चव्वेचाळीस वर्षांनी हॉवर्ड बाहेर पडला तेव्हा ती देशभर जागच्या जागी होती.

हॉवर्डचं वेगळेपण मला इथे दिसतं. तो दुष्ट माणूस शोधत फिरला नाही. प्रत्येक तुरुंगात त्याचे प्रश्न ठरलेले असत : जेलरला पगार किती? दस्तुरी किती? दारू विकायचा परवाना त्याच्याकडे आहे का? कैद्याला खायला काय आणि किती? नव्या कैद्याकडून जुने कैदी काय उकळतात? वैद्य आहे का, पाद्री आहे का? पाणी कुठून येतं? गवताची पेंढी किती दिवसांनी बदलतात? आज आत किती जण, त्यांतले कर्जदार किती, गुन्हेगार किती? कोठडीची लांबी, रुंदी, उंची तो मोजून घेई. पावाचं वजन लिहून ठेवी. हे वजन महत्त्वाचं, कारण पुष्कळ काउंट्यांत कैद्याचा शिधा पैशांत ठरलेला होता, दिवसाला एका पेनीचा पाव. धान्य महागलं की पेनी तीच राही आणि पाव लहान होई. कित्येक ठिकाणी तो ८ औंसांच्या आसपास भरला, म्हणजे पाव किलोलाही कमी. दिवसभराचं खाणं तेवढंच.

त्याची टिपणं वाचताना मन हेलावतं ते याच कोरडेपणामुळे. प्लिमथच्या तुरुंगातल्या एका कोठडीची नोंद बघा. १७ फूट लांब, ८ फूट रुंद, उंची साडेपाच फूट. बऱ्या उंचीच्या माणसाला ताठ उभंही राहता येणार नाही. अंधार. दाराला एक झरोका, ७ इंच बाय ५ इंच, म्हणजे तळहाताएवढा. वसाहतीत पाठवायची शिक्षा झालेले तीन जण इथे जवळजवळ दोन महिने होते, आणि श्वास घ्यायला ते आळीपाळीने त्या झरोक्याशी तोंड आणत, असं त्याला सांगितलं गेलं. हॉवर्ड गेला तेव्हा ते दार पाच आठवडे उघडलेलं नव्हतं. मोठ्या खटपटीने तो आत शिरला. आत एकच फिकुटलेला माणूस होता, दहा आठवड्यांपासून. यापेक्षा फाशी दिली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणाला.

यॉर्कशायरमधल्या नेअर्सबरोला कर्जदारांसाठी बारा फूट चौरस अशी एकच खोली होती. जमीन मातीची, चूल नाही, आणि गावाचं गटार खोलीच्या मधून उघडं वाहत होतं. काही वर्षांपूर्वी एका लष्करी अधिकाऱ्याला काही दिवसांसाठी इथे ठेवलं होतं, तेव्हा उंदीर-घुशींपासून बचाव म्हणून त्याने बरोबर कुत्रा नेला. घुशींनी कुत्रा मारला आणि त्या माणसाचा चेहरा विद्रूप केला, असं हॉवर्डला लोकांनी सांगितलं.

आणि चेस्टरफील्ड, पोर्टलंडच्या ड्यूकचा तुरुंग. एक खोली, खाली तळघर, तळघरात उतरायला जमिनीला भोक. तळघर कित्येक महिन्यांत झाडलेलं नाही, दार कित्येक आठवड्यांत उघडलेलं नाही. आत चार कर्जदार. चौघांनाही बायको, आणि चौघांची मिळून तेरा मुलं गावांच्या धर्मादायावर पडलेली. शिधा नाही, पेंढी नाही, जळण नाही. पाणी विकत घ्यायचं, आणि बाकी सगळ्या गोष्टींसारखं तेही खिडकीतून आत यायचं. धनकोकडून मिळणारा रोजचा भत्ता चौघांपैकी दोघांनाच मिळत होता, आणि ते दोघं त्यातूनच उरलेल्या दोघांना जगवत होते. त्यांनी कुणाकडून तरी एक धर्मविषयक पुस्तक मागून आणलं होतं, आणि हॉवर्ड आला तेव्हा एक जण ते बाकीच्यांना वाचून दाखवत होता. मी ही नोंद पुनःपुन्हा वाचली आहे. त्या खोलीत कुणी गेलंच नसतं, तर ते चार आवाज आणि ते पुस्तक आपल्यापर्यंत पोचायला दुसरी वाटच नव्हती.

कर्जदारांचा विषय निघाला आहे तर थोडं थांबू. १७७६च्या सुमारास हॉवर्डने इंग्लंड-वेल्समधले कैदी मोजले, ते ४,०८४ भरले. त्यांतले २,४३७ कर्जदार होते. गंभीर गुन्ह्यातले फक्त ९९४, किरकोळ गुन्ह्यांतले ६५३. म्हणजे दहांतले सहा जण गुन्हेगार नव्हतेच, त्यांना फक्त देणं फेडता आलं नव्हतं. चोराला निदान पेनीचा पाव ठरलेला असे. कर्जदाराला बहुतेक काउंट्यांत तोही नाही, कारण त्याला अडकवणारा धनको, तेव्हा खायलाही त्यानेच घालावं, असा कायद्याचा सूर होता. धनकोने कर्जदाराला दिवसाला एक ग्रोट, म्हणजे ४ पेन्स, द्यावेत असं १७५९च्या कायद्यात लिहिलेलं होतं. ते मिळवायला मात्र कर्जदाराने कोर्टात अर्ज करायचा, वकील गाठायचा. जो देणं फेडू शकत नाही, तो वकिलाचे पैसे कुठून देणार? लंडनच्या आसपासच्या मिडलसेक्स आणि सरे या दोन काउंट्या सोडल्या, तर अख्ख्या देशात हे चार पेन्स खरोखर हातात पडलेले बारासुद्धा कर्जदार हॉवर्डला सापडले नाहीत. आणि कर्जदाराबरोबर त्याचा संसारही आत येई. फ्लीट तुरुंगाच्या हद्दीत त्याने १७७६ साली २४३ कैदी मोजले. त्यांच्या बायकामुलांची संख्या ४७५ होती.

पैसे उकळण्यात जेलर एकटा नव्हता. नवा कैदी आला की आतले जुने कैदी त्याच्यापुढे उभे राहत : पैसे काढ, नाहीतर कपडे उतर. पैसे नसतील तर त्याचा कोट जाई, हिवाळा असला तरी. त्या पैशांची दारू येई, आणि ती विकणारा जेलरच असल्यामुळे तो या प्रकाराकडे डोळेझाक करी. बेड्यांचंही तसंच. जड बेड्या घालायच्या, मग हलक्या करण्यासाठी पैसे घ्यायचे. पुष्कळ ठिकाणी स्त्रियांच्या पायांतही बेड्या होत्या.

आता हवेचं. तेव्हा इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर होता, आणि तुरुंगाच्या खिडक्यांचा कर जेलरला भरावा लागे. त्याने काय केलं असेल ते सांगायला नको. खिडक्या बुजवल्या. दाटीची खोली, कुजून भुगा झालेलं गवत, तेच कपडे महिनोन्‌महिने, अंघोळीला पाणी नाही. एका तुरुंगात तर माणशी तीन पाइंटच पाणी मिळे, म्हणजे दीड-पावणेदोन लिटर, पिणं-धुणं सगळं त्यातच. अशा जागी जो ताप पसरे त्याला लोक 'तुरुंगाचा ताप'च म्हणत. आज आपण त्याला टायफस म्हणतो. (टायफॉइड वेगळा, तो दूषित पाण्या-अन्नातून येतो.) देशात फाशीने मरतात त्यापेक्षा कितीतरी जास्त कैदी या तापाने मरतात, असं हॉवर्डने ठामपणे लिहिलं, आणि ते तेव्हाच्या इंग्लंडमध्ये, जिथे चोरीलाही फाशी होती.

ताप भिंती मानत नसे. १७५० साली न्यूगेट तुरुंगातले कैदी शेजारच्या ओल्ड बेली कोर्टात उभे केले गेले. त्या सत्रानंतर लंडनचा लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश, वकील, पंच अशी डझनावारी माणसं दगावली. त्यानंतर कोर्टात उग्र वासाच्या वनस्पती पसरायची पद्धत पडली आणि न्यायाधीश हातात फुलांचा गुच्छ धरून बसू लागले. न्यूगेटच्या छपरावर हवा खेळवायला पवनचक्कीही बसवली. रोग दुर्गंधीतून, 'दूषित हवे'तून येतो अशी सगळ्यांची समजूत होती, हॉवर्डचीसुद्धा.

तो ज्या कोठड्यांत जाई तिथे पुष्कळदा खुद्द जेलर पाऊल टाकायला तयार नसे, काहीतरी सबब सांगून बाहेरच थांबे. हॉवर्ड व्हिनेगरची कुपी हुंगत आत जाई. सुरुवातीच्या फेऱ्यांत त्याच्या कपड्यांना असा वास मुरे की बंद खिडक्यांच्या घोडागाडीत त्याला बसवेना, म्हणून तो घोड्यावरून प्रवास करू लागला. टिपणवहीच्या पानांनाही तो दर्प बसे, आणि वही तास-दोन तास विस्तवापुढे उघडी धरल्याशिवाय वापरता येत नसे. चार-सहा तुरुंग झाले की खुद्द व्हिनेगरलाच शिसारी आणणारा वास येई. ज्या वहीत पावाची वजनं आणि कोठड्यांची मापं होती, ती ही वही.

इतक्या टोकाला जाणारा हा माणूस होता कोण? गाद्या-पडदे-फर्निचरच्या धंद्यात कमावलेल्या व्यापाऱ्याचा मुलगा, १७२६चा जन्म, प्रकृती नाजूक, धर्माने कर्मठ, खाणं साधं. एकदा स्वतः कोंडून पडल्याचा अनुभव मात्र त्याच्या गाठीला होता. लिस्बनच्या १७५५च्या भूकंपानंतर तो तिकडे निघाला असताना फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजाने त्याचं जहाज पकडलं. ब्रेस्टच्या किल्ल्यात पोचेपर्यंत चाळीस तास अन्न जवळजवळ नाही, पाण्याचा थेंब नाही. पुढे तळघरात मटणाची एक तंगडी आत फेकली गेली. सुरी नव्हती, सगळ्यांनी ती दातांनी तोडून खाल्ली. सहा रात्री गवतावर. कैद्याला पाणी किती मिळतं आणि गवत किती दिवसांनी बदलतात, हे तो प्रत्येक ठिकाणी का विचारत होता, त्याचा उलगडा इथे होतो.

मार्च १७७४मध्ये कॉमन्स सभागृहाने त्याला साक्षीला बोलावलं. एका सभासदाने विचारलं, हा सगळा प्रवास कोणाच्या खर्चाने? तो स्वतःच्याच खर्चाने फिरत होता. जिथे प्रत्येक दरवाज्याला दर लावलेला होता, तिथे पदरचे पैसे घालून कुणी आत जाईल, हे सभागृहाला पटकन उमजलं नसावं. त्याच वर्षी दोन कायदे झाले. पहिल्याने, निर्दोष सुटलेल्याला भर कोर्टात तिथल्या तिथे सोडायचं ठरलं. त्याच्याकडून एक पेनीही घ्यायची नाही, जेलरला काउंटीने माणशी जास्तीत जास्त १३ शिलिंग ४ पेन्स द्यायचे. दुसरा कायदा आरोग्याचा होता. भिंती आणि छत वर्षातून एकदा तरी खरवडून चुना लावायचा, खोल्या धुवायच्या, हवा येऊ द्यायची, आजारी स्त्री-पुरुषांना वेगळ्या खोल्या द्यायच्या, आणि अंघोळीची सोय करायची. हॉवर्डने दोन्ही कायदे स्वतःच्या पैशांनी ठळक अक्षरांत छापून घेतले आणि काउंटी तुरुंगांच्या जेलरांकडे पाठवले. मग कुठे काय पाळलं जातंय ते बघायला तो परत निघाला. कायदा झाला की काम संपलं, असं मानणाऱ्यांतला तो नव्हता. आणि पुष्कळ जागी काहीच पाळलं जात नव्हतं.

१७७७ साली त्याचं 'द स्टेट ऑफ द प्रिझन्स' छापून निघालं. लंडनमध्ये नव्हे, वॉरिंग्टनला, विल्यम आयर्सच्या छापखान्यात. तोवर अमेरिकेतलं युद्ध सुरू होऊन तिकडे कैदी पाठवणं बंद पडलं होतं, आणि थेम्सवरच्या निकामी जहाजांत माणसं कोंडायला सुरुवात झाली होती. तिथेही तो गेला आणि कैद्यांना दिली जाणारी बिस्किटं त्याने उलटून पाहिली. दोन्ही बाजूंनी हिरवी बुरशी. १७७९च्या पेनिटेन्शरी कायद्यावर त्याचा ठसा आहे, १७८४च्या कायद्याने जेलरांचा दारूचा धंदा बंद केला. त्याच्या सगळ्याच कल्पना पुढे सुखाच्या ठरल्या नाहीत. रात्री प्रत्येक कैद्याला वेगळी खोली असावी, हे त्याचं म्हणणं दाटी आणि गुंडगिरी पाहून आलेलं होतं. एकोणिसाव्या शतकाने ते ताणून माणसं रात्रंदिवस एकांतात कोंडली, आणि कित्येकांची मनं त्यात खचली. हे नोंदवायलाच हवं.

पहिल्या दहा वर्षांत त्याने युरोपभर ४२,००० मैलांहून अधिक प्रवास केला. शेवटच्या फेरीत तो काळ्या समुद्राजवळच्या खेर्सनला होता. जवळच्या गावात तापाने फणफणलेल्या एका तरुण स्त्रीला बघायला तो पावसात घोड्यावरून गेला, आणि त्या तापाने २० जानेवारी १७९० रोजी तो खेर्सनलाच वारला.

हा ताप, म्हणजे टायफस, नक्की कशाने पसरतो ते कळायला आणखी ११९ वर्षं जावी लागली. १९०९मध्ये ट्यूनिसच्या इस्पितळात चार्ल्स निकोलच्या लक्षात आलं, की टायफसचे रोगी इस्पितळाच्या दारापर्यंत इतरांना रोग देतात. त्यांचे कपडे हाताळणाऱ्यांनाही तो होतो. पण अंघोळ घालून, कपडे काढून घेऊन वॉर्डात आणलं की त्यांच्यापासून कुणालाच तो होत नाही. म्हणजे रोग हवेत नव्हता. कपड्यांतल्या उवांमध्ये होता. हॉवर्डला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो दुर्गंधी घालवायला निघाला होता. पण तुरुंगाच्या दाराशीच नव्या कैद्याला अंघोळ घालावी, धुतलेले कपडे द्यावेत, आणि त्याचे जुने कपडे शेजारच्या भट्टीत भाजून काढावेत, हे त्याने सव्वाशेहून जास्त वर्षं आधी लिहून ठेवलं होतं.